सर्वांत आखूड दात

उणे अठरा. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये
दिवा पिवळा, श्वास पांढरा.
साइमीने करवतीचं पातं व्हाइसमध्ये आवळलंय,
पहिल्या दातावर निळ्या खडूची खूण.
खूण हवीच. साखळीला ना तोंड ना शेपूट,
मोजता मोजता माणूस दुसऱ्या फेरीत शिरतो.

छत्तीस दात. अठरा डावे, अठरा उजवे.
सकाळपर्यंत बरे होते.

सकाळी ओढ्यापलीकडे आडव्या स्प्रूसचे ओंडके पाडताना
आत काहीतरी किंचाळलं.
ठिणगी उडाली. लाकडातून, बर्फात, ठिणगी!
मग ढलप्यांऐवजी नुसतं पीठ, करपलेलं.
कुऱ्हाडीने खोड उघडलं तेव्हा निघाला
बोटाच्या पेराएवढा लोखंडाचा तुकडा,
भोवती सांडल्या शाईसारखा डाग,
त्यावर ऐंशीहून जास्त वर्तुळं.
तिने खरंच मोजली, हातमोजा काढून.

तूरेने तो लिंगनबेरीच्या रिकाम्या बरणीत टाकला.
तिथे आधीच अकरा होते.
इकडच्यांचा की सरहद्दीपलीकडच्यांचा,
हे तिने विचारलं नाही.
लहानपणी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता,
आता झाडाचा.

कानस पुढे ढकलायची. परत येताना उचलायची.
मागे ओढलीस तर कानसच मरते,
हे सांगून सांगून तूरेच्या दातांच्या कण्या झाल्या;
हल्ली ते रात्री पेल्यात झोपतात.
तीस अंश. मनगटातून नाही, खांद्यातून.
दाताच्या आतून बाहेर, तीन हात,
गरज असेल तरच चौथा.

पन्नास वर्षं करवत कानाशी,
म्हणून कानशीचा आवाज त्याला ऐकू येत नाही.
तो व्हाइसवर दोन बोटं टेकवतो
आणि मान हलवतो:
बरोबर. बरोबर. हा घसरला.

डाव्या नऊ दातांचे कोपरे उडालेत.
बोथट कड उजेडात चमकते,
खरी धार दिसतच नाही.
ती चकाकी विझेपर्यंत घासायचं,
नखावर लोखंडाची राख साचत जाते.

सगळ्यांत आखूड उरला सातवा.
आता तोच मालक.
बाकी पस्तीस त्याच्या मापाला आणायचे,
उजवेसुद्धा,
ज्यांना काहीच लागलं नव्हतं.
इथे साइमीचा हात अडखळतो.

नाही आणले तर?
करवत वाकडी चालते, लांब दातांच्या बाजूला ओढ घेते.
तूरेचा उजवा हात जन्माचा जड.
आयुष्यभर त्याचे ओंडके तिरपे कापले गेले
आणि आउनेने अंगणात रचलेली सरपणाची रास
दर फेब्रुवारीत शेजाऱ्याच्या हद्दीत कलंडायची.
शेजारी त्यातलं निम्मं घरात न्यायचा
आणि रविवारी टोपी काढून नमस्कार करायचा.

साइमी उजव्या पहिल्या दातावर कानस धरते.

मग प्रत्येक दातापुढचं ते बुटकं टेकाड:
चपटी कानस, दोन हात, बस.
घास केवढा घ्यायचा ते टेकाड ठरवतं.
फार खाली गेलं की करवत हावरी होते,
आणि हावरी करवत उसळून धन्याच्याच अंगावर येते.
तूरेच्या डाव्या गुडघ्यावर तिची सही आहे.

पाजवून झालं.
आता पाज, म्हणत तूरे तेलाचा डबा पुढे करतो.
ती पातं उलटं करून बसवते,
गेल्या महिन्यात वर असलेली कड आता खाली.

दाताच्या पाठीवर एक तिरकी रेघ असते, कारखान्यातच कोरलेली.
झीज तिथवर आली की साखळी फेकायची.
सातव्याच्या रेघेवरून ती अंगठा फिरवते.
अजून दोनदा. फार तर तीनदा.

ओढ्यापलीकडे उरलेलं खोड पडून आहे, नऊ मीटर.
वरून ताजं बर्फ.
तूरे बरणीचं झाकण लावत नाही.