डाव्या हातात सुई असताना

बातुमीच्या इस्पितळात,
समुद्राकडे पाठ केलेल्या एका खोलीत,
मंगळवार, गुरुवार, शनिवार,
सकाळी सात ते अकरा
आमचं रक्त बाहेर फिरायला जातं
आणि आम्ही वाचतो.

एका हाताने वाचायचं म्हणजे
पुस्तक पोटावर उताणं,
पान अंगठ्याखाली,
उलटताना हनुवटीची मदत.
जाडजूड पुस्तकं मिटून घेतात स्वतःला,
रुसल्यासारखी.
मग नर्स मझिया येते
आणि कपड्यांच्या चिमट्याने पानं धरून देते.
चिमटे तिच्या घरच्या दोरीवरचे.
एकावर अजून निळा धागा आहे.

इथे क्रिएटिनिन कुणी कुणाला विचारत नाही.
आम्ही विचारतो, "कुठवर आलं?"

नुगझार बंदरावर क्रेन चालवायचा.
त्याच्या पुस्तकात देवमासे आहेत.
प्रत्येकाचं तो आधी वजन सांगतो, टनांत,
मग स्वभाव.
लमारा शाळेत भूगोल शिकवायची,
ती पाककृती वाचते:
अक्रोडाचं वाटण भरलेलं वांगं,
आलुबुखारचा आंबट रस्सा,
मीठ चवीपुरतं.
"चवीपुरतं" म्हणताना जराशी थांबते.
मीठ आम्हाला वर्ज्य. अक्रोड वर्ज्य.
बाहेर गावभर पिवळीधमक मंदारिनं लगडलीत, तीही.
पण तिच्या रश्श्याला उकळी फुटली
की चौघांच्या तोंडाला पाणी सुटतं,
आणि पाणी तर मोजूनमापून.

माझ्या कादंबरीत एक घराणं आहे,
सगळ्यांची नावं लांबलचक आणि एकसारखी.
मार्चपासून मी एकशेबाराव्या पानावर आहे.
कारण त्या पानावर धाकटा काका घर सोडून जातो
आणि मला ते सांगायला आवडतं.
इतक्यांदा सांगितलंय
की आता तो दर वेळी वेगळ्या दाराने जातो.
परवा तर खिडकीतून गेला.
नुगझारने टोकलं नाही.

बेका सव्वीस वर्षांचा.
फोनवर रहस्यकथा वाचायचा, मोठ्याने,
दर संशयिताला निराळा आवाज देऊन.
हॉटेलच्या मालकिणीला त्याने लमाराचा दिला.
लमाराने ओळखला,
आणि पुढच्या शनिवारी केस रंगवून आली.

नोव्हेंबरात आत्याचं मूत्रपिंड जुळलं
आणि बेका तिबिलिसीला गेला.
गुरुवारी चार नंबरची खुर्ची रिकामी.
आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या,
पण एकेकच हात मोकळा.
बराच वेळ यंत्रांची घरघर.
मग नुगझार म्हणाला,
"ते सगळं ठीक. पण खून कुणी केला?"

तीन आठवडे आम्ही भांडलो.
माझा संशय माळ्यावर, लमाराचा डॉक्टरवर
(डॉक्टरांवर तिचा कायमच असतो).
शेवटी फोन आला.
आवाज बारीक, पण त्याचाच.
"मंदारिन खाल्लं," म्हणाला. "अर्धं."
"आणि खुनी?"
"माहीत नाही. तिथेच थांबलोय.
एकट्याने वाचवत नाही मला.
मंगळवारी सातला फोन उचला."

आता मझियाच्या ट्रेवर कापसाशेजारी फोन असतो
आणि त्यातून हॉटेलची मालकीण बोलते,
लमाराच्या आवाजात, थोडं खोकत.

चार नंबरला आता एक मुलगी बसते.
एकोणीस-वीसची.
कोट काढत नाही. हाताकडे बघत नाही.
आज लमारा तिच्याकडे वळली, नळ्यांनी वळू दिलं तेवढी.
"काय वाचतेयस सध्या?"
"काही नाही."
यंत्राने दोनदा टिंग केलं.
मग मुलीने खिशातून एक कागद काढला,
घडीवर घडी घातलेला,
इस्पितळाने पहिल्या दिवशी हातात ठेवलेलं माहितीपत्रक.
"हे आहे फक्त."

मझियाने काही न विचारता चिमटा लावला,
निळ्या धाग्याचा.

"वाच की मग," लमारा म्हणाली, "मोठ्याने.
आम्ही सगळ्यांनीच ते अर्धवट टाकलंय."