वजन चाकांवर आल्यावर

खोक्यातून निघाले ते संकेश्वरी मिरचीसारखे लाल,
चार आर्म, कोरे, आटे पाडलेले.
प्रणीत सांबरेकर म्हणाला, "मंगलक्का, तासाभरात होतंय नव्हे?"
मी म्हटलं, चहा सांग.

उद्यमबागेत दुपारी फाउंड्रीची धूळ
न विचारता आत येते
आणि ग्रीस बघून बसते.
थार घोड्यांवर चढवली, मागची चाकं उतरवली.
तीन इंच उचललीय त्यानं गाडी,
जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या चिखलात
पोट टेकू नये म्हणून.
उंची आली खरी.
आता साठच्या पुढं सीटखाली
कुणीतरी जात्यावर बसतं,
आणि चाकं कमानीच्या मध्यात नाहीत,
पुढं आलीत, बोटाच्या पेराएवढी.

"एक्सल सरकलंच कसं?"
सरकेल नाहीतर काय.
दांडे होते तेवढेच लांब आहेत,
वर गेलास तू.
उचलणाऱ्याला नेहमी वाटतं
बाकीचं आपणहून तिरकं झालं.

ईरण्णा खालून ओरडतो, "हत्तोंबत्तु!"
मी एकोणीसचा पाना देते.
भाषांतर आता हातच करतात.
बोल्ट बुशात गंजून बसलाय,
त्याला डिझेल पाजलं, ठोकलं,
मग ईरण्णानं त्याच्या आईचं नाव घेतलं.
त्याला मात्र भाषांतर लागत नाही.

जुना आर्म काढला, नव्याशेजारी ठेवला,
भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत.
एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर.
डावा जेवढा, तेवढाच उजवा,
यात लाड नाहीत.
मग वरचे दोन, शाफ्टचा कोन बघत.
मी फिरवते, ईरण्णा कोनमापकाशी डोळा लावून.
"स्वल्प."
अर्धा फेरा.
"इन्नू स्वल्प."
पाव.
हा शब्द आमच्याकडं पोथीत राहतो,
त्याच्याकडं भाजीबाजारात फिरतो.
"साकु."

तेवढ्यात प्रणीतनं लांब पाना घेतला
आणि आवळायला लागला, दात खाऊन.
थांब.
"सैल ठेवायचे? किती वेळ लावायलीस गं अक्का."
चाकं लोंबकळत असताना आवळायचं नसतं.
बोल्ट फक्त अडकव. हातानं.

मीही आवळले होते एकदा, एकविसाव्या वर्षी,
निपाणीच्या एका तंबाखूवाल्याच्या गाडीचे, आठही.
महिन्यात गाडी कुरकुरत परत आली.
बाबा काही बोलले नाहीत.
मलाच खाली घातलं, मलाच सोडवायला लावलं,
आणि फाटलेलं रबर माझ्या तळहातावर ठेवलं,
दुधाचा दात ठेवावा तसं.
हवेत पिळून बसवलेलं
जमिनीवर आल्यावर
आयुष्यभर उलटं पिळत राहतं.
हे वाक्य माझं. बाबांनी फक्त रबर दिलं होतं.

चाकं चढवली. जॅक उतरवला.
गाडी बसली, म्हैस पाण्यात बसते तशी,
एक उसासा टाकून.
पुढंमागं ढकलली, मागच्या बंपरवर प्रणीतला नाचवलं,
रबरानं आपली जागा शोधली.
आता आवळ.
टॉर्क रेंच कट् म्हणाला.
आठ वेळा कट्.
मग लॉकनट, शेवटी.

पिरनवाडी ओलांडून देसूरच्या फाट्यापर्यंत गेलो.
पन्नास. साठ. आम्ही तिघं गप्प.
सत्तरला ईरण्णानं कान सीटला लावला.
जात्यावरची बाई उठून गेली होती.
फक्त टायरांची गुणगुण,
आणि डॅशबोर्डवर प्रणीतच्या चिल्लरचा आवाज.

परत आल्यावर पर्समधून नेलपॉलिश काढलं,
लग्नाला एकदाच लावलेलं, गुलाबी,
आणि नटावरून आर्मवर
ओढली एकेक रेघ.
"हे कशाला?"
पाचशे किलोमीटरनं ये.
"बिघडलं तर?"
नाही बिघडलं तरी.
रेघ तुटली असेल तर नट हललाय.
जुळलेली असेल, तर चहा पिऊन जा.