काटा पंचवीस किलोपर्यंत

नाव बेबी. बेबी नागोसे.
वजन विचारू नका. म्हणजे, विचाराच,
गावाचं तर विचारून झालंय.

मंगळवारी अंगणवाडीच्या आड्याला
मी साल्टर काटा टांगते,
खाली निळी झोळी, झोळीत लेकरू,
असं रडतं जसं कोर्टात नेलं.
सुई थरथरते, थांबते.
सहा किलो चारशे. दीड वर्षाचं.
मी लाल पट्टीत टिंब देते
आणि आईला म्हणते, बाई, हे सुकून राह्यलं,
अंडं दे, तेल दे, दिवसातून पाच खेपा भरव.

तक्ता पाच वर्षांवर संपतो.
पुढचं कुठंच छापलेलं नाही:
कोणत्या वाढदिवसाला ही पट्टी उलटते,
कधीपासून तीच हाडं लोकांना नाजूक वाटू लागतात.
माझ्या भाचीला, आश्लेषाला, पाहायला आले
ते घाटंजीचे पाहुणे तोंडातला चिवडा न गिळताच बोलले,
"पोरगी बरी हाये, पण मावशीवर गेली तं?"
मावशी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी.
त्या दिवसापासून पोरीनं रात्रीची भाकर सोडली.
आता सगळे म्हणतात, कशी उजळली!
मी तिचं मनगट धरून पाहते,
माझी बोटं एकमेकांना भेटून पुढं जातात.

मग श्रावणात डाळ कमी भरली.
दीड किलो, मुगाची.
ग्रामपंचायतीपुढं सतरंजीवर सगळे बसले.
देवानंद बोबडे उठून म्हणाला,
"पंचनामा कायले पाह्यजे? हिच्या अंगावरच लिहेल हाये."
हसले. बायाही हसल्या,
ज्यांच्या लेकरांची नाकं मी पुसते त्याही.
मागून कुणीतरी म्हणालं, बेबीलेच टांगा काट्याले.
तो काटा पंचवीस किलोपर्यंतच जातो, मी म्हणाले,
आणि त्यांना तोही विनोदच वाटला.

थायरॉईडची गोळी दाखवता आली असती.
उपाशीपोटी घेते, सकाळी साडेपाचला.
पण मी चिठ्ठी दाखवून सुटले
तर जिच्याजवळ गोळी नाही तिनं काय दाखवायचं?
जिला नुसतंच जेवण आवडतं, तिनं?

बाजूला मदतनीस सिंधू लोणकर,
वाळल्या पऱ्हाटीसारखी.
तिला कुणी काहीच विचारलं नाही.
एक म्हातारा म्हणाला, "तिले काय पुसता,
वारा लागला तरी पडन बिचारी."
सिंधू खाली पाहत राहिली.
तिच्या पदराच्या गाठीत काय असतं ते मला माहीत आहे.
दोन मुठी, कधी तीन. घरी खाणारी तिघं.
तिच्या वजनाचा फायदा तिला झाला,
माझ्या वजनाचाही तिलाच.

मी बोलले नाही. थोर म्हणून नाही,
बोलले असते तरी कुणाला पटलं नसतं म्हणून.

परतताना पांदणीत तीच म्हणाली,
"ताई, बारकं असनं लय सोपं वाटते का तुमाले?
रोजगार हमीवरून मुकादमानं तीनदा वापस धाडलं,
म्हणे हिच्यानं घमेलं पेलन का.
आज पह्यल्यांदा या हाडकायचा उपेग झाला."
मला राग आला.
तो कुठं ठेवावा ते समजेना.
दीड किलो डाळ मी मानधनातून भरून दिली.
किराणावाला तोलता तोलता म्हणाला,
"घरच्यासाठीच न, ताई?"

परवाच्या मंगळवारी तेच लेकरू झोळीत.
सहा किलो नऊशे.
त्याची आई, हसणाऱ्यांतलीच, ओरडली,
"बाप्पा! जड झालं व माह्यं पोट्टं!"
हा शब्द असा म्हटलेला
मी या गावात पहिल्यांदा ऐकला.
टिंब दिलं. अजून लालच, पण काठाला.
झोळीतून काढलं तर त्यानं माझ्या पोटावर डोकं टेकलं
आणि मऊ जागा पाहून तिथंच झोपलं.

सिंधू म्हणाली, राहू द्या ताई,
पुढचं मी टांगते.