तासाला एक मीटर

वाकायामात आमचा कारखाना.
तुळयांना टांगलेली अकरा यंत्रं, त्यातली चालू सहा.
उरलेली पाच आम्ही सुट्या भागांसाठी खातो,
बरणीतल्या खारवलेल्या उमेसारखी, मोजून.

यंत्र मिनिटाला चोवीस वेळा फिरतं,
तासाला एक मीटर विणतं.
नवी यंत्रं तेवढ्यात वीस मीटर ओकतात,
कापडाचा कान धरून, ओढून.
आमचं आपल्याच वजनानं खाली येतं,
डोळ्यांवर झोप उतरावी तसं.

मार्चमध्ये टोकियोहून तो पोरगा आला, शिउन नावाचा,
त्याचा ब्रँड माझ्या चपलांहून लहान.
त्याला आमचं जुनं लेबल हवं होतं, धावणारा बगळा,
शाळेच्या धावपटूंना आम्ही सरावाचे स्वेटशर्ट पुरवायचो
तेव्हाचं.
कागदावर त्यानं त्याचं नाव लिहिलं, मग आमचं,
आणि मधे एक ×.

मी म्हटलं, ही फुली कुणावर?
तो हसला. फुली नाही ओजिसान, गुणिले.

चारशे हुडी. सगळं कापड
तिसऱ्या नंबरच्याच यंत्राचं, कारण ते सगळ्यांत म्हातारं.
आठशे तास.
एप्रिल गेला, आंब्याच्या रंगाचा एक कुत्रा
दारात येऊन राहिला, गेला,
ऑगस्टात माझी पाठ गेली.

विक्री चार मिनिटांत संपली म्हणे.
चार मिनिटांत तिसरा नंबर विणतो
सहा-सात सेंटीमीटर.
मनगटाच्या पट्टीएवढं.

नोव्हेंबरात, ओसाकाला, नांबाच्या जिन्यावर
एक मुलगी बसली होती, हुड डोक्यावर, ओनिगिरी खात.
राखाडी. आमचा राखाडी मी अंधारातही ओळखेन.
डाव्या खिशाच्या वर एक बारीक उभी रेघ.

बारा जून. सुई वाकली होती.
त्या दुपारी तोकिए-सान निवृत्त झाली,
सगळे केकभोवती,
बगळ्याच्या आकाराचा केक, चोच कुणी खायची यावर वाद,
आणि तिसरा नंबर एकटाच
चुकत राहिला, दीड मीटर.
ते कापड बाजूला काढायला हवं होतं.
नंतर काढू म्हटलं.

मुलीनं बोटाला चिकटलेला भात चाटला
आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवला, सहज,
आपल्याच कपाळावरची खूण चाचपावी तसा.

मी दोन पायऱ्या वर उभा.
खिशातली पक्कड
घट्ट धरून.