टॉलरन्स

एक ते दहामध्ये किती दुखतं, विचारलं नेजदार मॅडमनी.
मी म्हटलं, राजारामपुरीत गल्ल्यासुद्धा दहाच्या पुढं जातात.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

सहा वर्षं झाली,
मणक्यात कुणीतरी बोथट टूल लावलंय
आणि लेथ बंद करायला विसरलंय.
उद्यमनगरात जन्मभर शाफ्ट फिरवले मी,
मायक्रोमीटरनं केसाचाही हिशेब दिला.
ह्याला गेज नाही.
एमआरआयवाले म्हणतात, एवढं काही दिसत नाही.
मेहुणा म्हणतो, तालीम केली असतीस तर.
चौकात कुणी "काय, बरं हाय न्हवं?" म्हटलं
की तोंड आपोआप बोलतं, "एकदम निवांत."

इथं खुर्चीत बसवेना,
तर त्या म्हणाल्या, उभे राहून बोला.
मग खिडकीशी,
खाली कांदेवाला ओरडत असताना,
सांगितलं.
पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत उभा राहू शकलो नाही.
रात्री मालन झोपली की मोरीत जातो,
नळ सोडतो.

"जाईल का हे?"
"नाही सांगता येत. पुढच्या गुरुवारी या."

ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी
अधिक-उणे लिहिलेलं असतं,
एवढं इकडंतिकडं चालेल म्हणून.
माझ्या मापाशेजारी कुणी लिहिलंच नव्हतं ते.
मीही नाही.

जिना उतरताना कठडा धरला,
आजूबाजूला न बघता.
घरी मालननं विचारलं, कसं हाय?
"दुखतंय," म्हटलं.
तिनं गॅस बारीक केला
आणि स्टूल ओढून समोर बसली.