कुलूप हरवल्याचा अर्ज

आधीचे हेडसर दर सोमवारी
कपाटाच्या काचा पुसून घ्यायचे माझ्याकडनं.
आत भिंगं, लोहचुंबक, पृथ्वीचा गोल,
दोन खोकी गोष्टींची पुस्तकं, करकरीत.
किल्ली ड्रॉवरात, ड्रॉवरची किल्ली खिशात.
तपासणीला साहेब आले की म्हणायचे,
"अकरा वर्षांत एक वस्तू फुटलेली नाही."
खरंच होतं ते.
चौथीतल्या निम्म्या पोरांना जोडाक्षर येत नव्हतं,
तेपण खरं,
पण ते काचेतनं दिसत नव्हतं.

मग मगदूम बाई आल्या, शिरोळकडनं बदलून.
मी खुर्ची पुसून ठेवली, तर त्या बसल्याच न्हाईत.
आठवडाभर एकेका वर्गात, मागच्या बाकावर.
भिंतीपलीकडं उद्यमनगरचा लेथ कुरकुरत होता,
बाई नुसत्या ऐकत होत्या.

शनिवारी चहा घेऊन गेलो तेव्हा
चौगुले गुरुजींना विचारत होत्या,
"तुम्हाला शिकवायला काय जड जातं?"
बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
गुरुजींनी कपातली साय बोटानं बाजूला केली,
म्हणाले, "भागाकार."

दुसऱ्या दिवशी रविवार असून मला बोलावलं.
खिळा ठोकून घेतला कपाटाशेजारी,
पहिलीतल्या पोराचा हात पोचेल एवढ्यावर.
किल्ली तिथं.
महिन्यात दोन भिंगं फुटली, पृथ्वी आसावरनं निखळली.
लेथवाल्याकडनं तार आणून मी बांधली तिला.
बाईंनी रजिस्टरात लिहिलं, "वापरताना फुटले,"
आणि झोकात सही केली.

सगळंच काय जमलं नाही.
डांगे सर शेवटपर्यंत फळ्याकडं तोंड करूनच शिकवत राहिले.
सहावीतली सुरेखा आईसंगं इचलकरंजीला मागावर गेली ती गेलीच.
बाई दोनदा जाऊन आल्या.
पायावरची धूळ नळाखाली धुतली. बोलल्या नाहीत.

तीन वर्षांनी ऑर्डर आली.

नवीन साहेबांनी खिळा बघितला.
"कुलूप कुठाय याचं?"
"हरवलं, साहेब."
"तसा अर्ज दे लिहून."

माझं अक्षर वाकडं. सातवीतल्या इर्शाद शिकलगाराला हाक मारली.
पायरीवर बसून, मांडीवर वही घेऊन
त्यानं वरती लिहिलं, मा. मुख्याध्यापक,
एका दमात,
शब्द एक, जोडाक्षरं दोन.
मग मान वर करून बघितलं माझ्याकडं.
"मामा, खरंच हरवलंय?"

डब्याच्या पिशवीत कुलूप. खांदा दुखत होता.
"लिही," म्हणालो, "शोध चालू आहे."