खटका

वडिलांचा चाकू उघडायला दोन हात लागतात.
डाव्या हातात मूठ, रानमेंढ्याच्या शिंगाची,
मधाच्या रंगाची, एका जागी काळसर,
जिथे चाळीस वर्षं एकाच माणसाचा अंगठा टेकलाय.
उजव्या चिमटीत पातं,
मिर्तोच्या पानासारखं, मध्ये रुंद, टोकाला निमुळतं.
ओढलं की येतं. आवाज नाही.
मिटतानाही नाही. खटका नाहीच त्याला;
बोट मधे आलं तर बोटाची चूक.

पत्तादात हे सगळ्यांना ठाऊक आहे.
इथे पोरं आधी चालायला शिकतात,
मग बोट कापून घ्यायला, मग पातं मिटायला.

मी तोरिनोहून आणला तो वेगळा.
टायटॅनियमचा. खिशाला अडकवायची क्लिप,
पात्याच्या बुडाशी एक बोंडी,
अंगठ्यानं ढकललं की टक्,
आणि आतली पट्टी पाठीमागून असा टेका देते
की पातं मिटायचं नावच घेत नाही.
पोलादाचा नंबर कोरलेला, मोटारीच्या इंजिनावर असतो तसा.
वडिलांनी तळहातावर तोलला.
"हा बोलतो," म्हणाले.
"कामाच्या वस्तूनं कशाला बोलावं?"
आणि पेकोरिनोच्या चाकाला लावला.
जाड पातं. चीज कापलं नाही, दुभंगलं,
जळणाच्या ओंडक्यासारखं.
ते माझ्याकडे पाहून हसले,
बोळकं, फार समाधानी हसू.

त्या दिवशी आमचा खटका उडाला.
मेंढी तारेत अडकली की एका हातानं मेंढी धरायची,
मी म्हणाले, मग चाकू कुणी उघडायचा? संत अंतोनीनं?
"दातांनी."
दात कुठायत, मी म्हणाले.
आई उठून अंगणात गेली.

फेब्रुवारीत त्यांची उजवी बाजू गेली.
ओझिएरीच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा
पहिलं काम हे केलं:
डाव्या हातानं खिशातून चाकू काढला,
टेबलावर ठेवला, बघत बसले.
कोपराखाली दाबून पाहिला. गुडघ्यांत धरून पाहिला.
शिंग निसटलं, फरशीवर पडलं.
मी वाकले नाही. का, ते माहीत नाही.
शेजारची आन्तिओका वाकली.

टायटॅनियमवाला खणात होता, बिलासकट.
मी तो त्यांच्यासमोर सरकवला.
अंगठ्यानं टक्.
मिटायला वेळ लागला, मांडीवर टेकवून, पट्टी सारून.
पुन्हा टक्. दुपारभर टक्, टक्,
कोंबड्या वैतागल्या.
"बाइन्झू, पुरे," आन्तिओका कुंपणापलीकडून ओरडली.
संध्याकाळी त्यांनी माझ्या हातावर पन्नास सेंटचं नाणं ठेवलं.
चाकू फुकट घेतला तर नातं कापलं जातं,
आमच्यात असं मानतात.
पण दिला होता मी तो आठ महिन्यांपूर्वी.
म्हणजे इतके दिवस तो त्यांचा नव्हताच,
किंवा नात्याचं काहीही झालं तरी चाललं असतं.
मी विचारलं नाही. नाणं पाकिटात वेगळ्या कप्प्यात आहे.

आता सुतळी, खोकी, गोळ्यांची पाकिटं
सगळं टायटॅनियमनं.
चीजला मात्र नाही.
चीज आलं की डाव्या मुठीत शिंग धरून
ते हात माझ्याकडे लांबवतात,
न बघता, आन्तिओकाशी लोकरीच्या भावाचं बोलत,
शब्द जरा ओघळत.
मी पातं चिमटीत धरते, ओढते.
आवाज येत नाही.

रविवारी मी परत निघाले. बोट रात्रीची.
चाकू उघडला, त्यांनी एक काप काढला,
इतका पातळ की पलीकडची खिडकी दिसावी,
माझ्या ताटात टाकला.
मी मिटायला हात पुढे केला.
"राहू दे," म्हणाले, "तसाच."

आज फोनवर आई सांगत होती,
अजून उघडाच आहे तो टेबलावर.
पुसताना ती त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवते.